अकरा बायका आणि एक मक्ता

पांढरकवडा आमच्या मुकुटबनहून तासाभराच्या वाटेवर आहे. नागपूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, केळापूरच्या जगदंबेमुळं सगळ्यांच्या ओळखीचं. एप्रिल १८१८ मध्ये याच पांढरकवड्याजवळ इंग्रजांच्या कर्नल ॲडम्स आणि कर्नल स्कॉट यांच्या फौजांनी दुसऱ्या बाजीरावाला गाठलं. पेशवा चांद्याकडं निघाला होता, नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांशी हातमिळवणी करायला. लढाया त्याआधीच झाल्या होत्या: आधी खडकी, मग कोरेगाव, मग आष्टी. आष्टीला बापू गोखले पडले आणि पेशवा निसटला. आमच्या भागात उरलंसुरलं सैन्यही पांगलं. ३ जूनला बाजीराव इंग्रज अधिकारी माल्कमच्या हवाली झाला, वर्षाला आठ लाखांची पेन्शन घेऊन कानपूरजवळ बिठूरला गेला आणि १८५१ पर्यंत आरामात जगला.

एवढी मोठी गोष्ट दाराशी घडलेली, पण कुणालाही विचारा, बाजीरावाबद्दल दोनच गोष्टी ऐकायला मिळतात. एक, तो पळपुटा होता. दोन, त्यानं अकरा लग्नं केली. दुसरी सांगताना माणसाचा आवाज बदलतो. खुर्ची पुढं सरकते. मग विश्रामबागवाडा निघतो, लावण्यांच्या बैठका निघतात, श्रावणातली दक्षिणा निघते. सांगणाराही खूश, ऐकणाराही खूश.

मला हा आनंद सहन होत नाही. त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण मी राहतो त्या तालुक्यातलं आहे. यवतमाळ जिल्ह्यातला झरी जामणी तालुका कोलाम-गोंडांचा. या तालुक्याचं नाव बाहेरच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षं कशासाठी आलं? कुमारी मातांसाठी. लग्नाच्या थापा मारून, पैशाचं आमिष दाखवून आदिवासी पोरींना नादी लावायचं आणि दिवस गेले की पसार व्हायचं. हे करणाऱ्यांत बाहेरून आलेले ठेकेदार होते, व्यापारी होते, खिशात पैसा आणि ओळखीचा माज असलेली माणसं होती. त्यांच्या गावात त्यांना ‘रंगेल’ म्हणत असतील. इथं त्या पोरी काखेत लेकरू घेऊन रेशनच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि कागदावर बापाचं नाव काय लिहायचं, या प्रश्नाशी अडल्या. ‘रंगेल’ हा शब्द ज्याला हसत हसत उच्चारता येतो, त्यानं ती रांग पाहिलेली नाही.

बाजीरावाच्या त्या अकरा बायकांपैकी दोघींची तरी नावं सांगता येतील का? आकडा सगळ्यांना पाठ आहे, माणूस एकही नाही. काही लग्नं तर राज्य गेल्यावर, बिठूरला, उतारवयात झाली. पेशवा गेला तसा ईस्ट इंडिया कंपनीनं तनखा बंद केला आणि १८५७ च्या बंडानंतर मागं राहिलेल्या विधवांना दत्तक मुलगा नानासाहेबांच्या माणसांबरोबर नेपाळच्या तराईत वणवण करावी लागली. त्याचा विलास ज्यांनी भोगला असं आपण समजतो, त्यांच्या वाट्याला शेवटी ती तराई आली. ही गोष्ट सांगताना कुणाची खुर्ची पुढं सरकत नाही.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. बाजीरावाचा खरा दुर्गुण बायका हा नव्हता. मामलतींचा लिलाव हा होता.

नाना फडणविसांच्या काळी मामलेदार हा पगारी माणूस असे. त्याच्यावर दरखदारांची, म्हणजे हिशेब तपासणाऱ्यांची, नजर असे, गावाची कमाविसी किती, सूट किती, तगाई किती याचे कागद पुण्याला जात. १८०२ च्या डिसेंबरात वसईचा तह करून इंग्रजांच्या खांद्यावर बसून बाजीराव पुण्याला परतला आणि ही घडी त्यानं विस्कटून टाकली. परगणा वर्षाच्या बोलीनं द्यायचा. जो जास्त देईल त्याचा. पुढच्या वर्षी दुसरा कुणी वरचढ बोलला की पहिल्याची उचलबांगडी. आता एका वर्षासाठी शेत मक्त्यानं घेतलेला माणूस त्या शेतात शेणखत टाकेल का? तो पिळेल. मामलेदारानं वर भरलेली रक्कम पोटमक्तेदाराकडून काढायची, त्यानं पाटलाकडून, पाटलानं कुणब्याकडून. पाटील नको म्हणाला तर गावच परक्याच्या हाती जायचं. दाद मागायची कुणाकडं? ज्यानं पैसे घेऊन परगणा विकला त्याच्याकडंच. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टननं १८१९ च्या आपल्या अहवालात ही साखळी अगदी खालच्या कडीपर्यंत लिहून ठेवली आहे. तो शत्रूपक्षाचा माणूस, म्हणून त्याचं लिहिणं जपून वाचावं, हे मला मान्य. पण मक्ता होता, हे आपले कागदही नाकारत नाहीत.

वऱ्हाड तेव्हा पेशव्याकडं नव्हता, निजामाकडं होता. म्हणून आमचे पूर्वज सुटले, असं कुणी समजू नये. निजामानंही पुढं वऱ्हाड सावकारांना मक्त्यानं देऊन टाकला. मक्त्यानं पिळलेली जमीन कशी दिसते, हे इथल्या मातीला ठाऊक आहे.

पण तमाशा निघाला बायकांवर, मक्त्यावर नाही. लावण्या लक्षात राहिल्या, लिलाव विसरला गेला. विलासाची गोष्ट चघळायला सोपी असते. लिलाव समजून घ्यायला आकडे लागतात, आणि आकड्यांशी आपलं फारसं जमत नाही.

हे सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं. आता गेल्या वर्षीचं.

जुलै २०२५. पेरण्या आटोपल्या होत्या, डवरणी सुरू होती. सिमेंटच्या ट्रकांनी रस्त्यावर चिखलाचा राडा केलेला. पानठेल्यावर दहाबारा जण एका मोबाईलभोवती गोळा झालेले. राज्याचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत बसलेत, हातात फोन, फोनवर रमीचे पत्ते. आमदार रोहित पवारांनी २० जुलैला तो व्हिडिओ टाकला होता आणि तो तासाभरात आमच्या पानठेल्यापर्यंत पोचला होता. फोन ज्याच्या हातात होता तो पंचविशीतला पोरगा. तो दोन बोटांनी चित्र मोठं करून कोणतं पान कुठं सरकतंय ते दाखवत होता. त्याला ते बरोबर कळत होतं. कळणारच. त्याच्याही फोनवर तोच खेळ होता आणि त्या हंगामात युरियाला ठेवलेले पैसे त्यानं त्यात घालवले होते, हे ठेल्यावर सगळ्यांना माहीत होतं.

एक म्हातारा म्हणाला, “पत्ते तं आपणही खेयतो ना बावा. त्याच्यात का आहे?”

कोकाटे म्हणाले की आपण रमी खेळत नव्हतो, सभागृहाचं कामकाज फोनवर बघायला गेलो आणि मध्येच जाहिरात उघडली, ती बंद करत होतो. त्यांनी बदनामीचा दावाही केला. त्या वादाचा निकाल मी देणार नाही. लातूरला छावा संघटनेच्या कार्यकर्त्यांनी कोकाट्यांच्या पक्षाचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरेंसमोर पत्ते भिरकावले, त्या कार्यकर्त्यांना मारहाण झाली. ३१ जुलैला कोकाट्यांचं खातं बदललं. कृषी दत्तात्रय भरण्यांकडं गेलं आणि भरण्यांचं क्रीडा खातं कोकाट्यांकडं आलं. खेळणाऱ्याला खेळाचं खातं, हा विनोद त्या आठवड्यात मी किमान पन्नास वेळा ऐकला. ठेल्यावर पोट धरून हसले लोक. आणि हसून झाल्यावर प्रकरण मिटल्यासारखं घरी गेले.

इथंच मला राग येतो. ज्या माणसाचं खातं पत्त्यांनी हलवलं, त्याच माणसाला फेब्रुवारी २०२५ मध्ये नाशिकच्या न्यायालयानं दोन वर्षांची शिक्षा सुनावली होती. मुख्यमंत्र्यांच्या दहा टक्के कोट्यातली घरं, कमी उत्पन्नाच्या माणसांसाठी राखलेली. ती खोटी माहिती आणि खोटी कागदपत्रं देऊन मिळवल्याचं १९९५ पासूनचं प्रकरण. त्या शिक्षेनं मंत्रिपदाला धक्का लागला नाही. शिक्षेला स्थगिती मिळाली आणि कारभार सुरू राहिला. डिसेंबर २०२५ मध्ये सत्र न्यायालयानं तीच शिक्षा कायम केली तेव्हा कुठं राजीनामा झाला. पुढं वरच्या न्यायालयात ती स्थगितही झाली. कायद्याचं काय व्हायचं ते होईल. माझा प्रश्न आपल्या पानठेल्याला आहे. फेब्रुवारीत त्या निकालाची बातमी आली तेव्हा फोनभोवती किती जण गोळा झाले होते? मी होतो तिथं. एकही नाही. घरांचे कागद मोठे करून बघता येत नाहीत ना!

शेतकऱ्यांबद्दल त्यांच्या तोंडून जे निघालं तेही आपण गिळलं. फेब्रुवारीत अमरावतीला ते म्हणाले की भिकारीसुद्धा एक रुपया घेत नाही आणि आम्ही एक रुपयात पीक विमा दिला. एप्रिलमध्ये म्हणाले की कर्जमाफीच्या पैशातून शेतकरी साखरपुडे आणि लग्नं उरकतात. नंतर माफी मागितली. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे ऐकवलं गेलं. चिलगव्हाणच्या साहेबराव करपेंनी १९ मार्च १९८६ ला बायको आणि चार लेकरांसह जीव दिला, त्याच जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला. आजही त्या तारखेला लोक अन्नत्याग करतात. लेकीचं लग्न हा आमच्याकडं चैनीचा विषय नाही. त्याच्यापायी सावकाराचं दार ठोठावावं लागतं.

आता पत्त्यांपासून जरा बाजूला या. त्या फोनवर जे दिसलं नाही ते सांगतो.

२९ एप्रिल २०२५. राज्य मंत्रिमंडळाची बैठक. एक रुपयातला पीक विमा बंद करायचं ठरलं. खरीप २०२३ पासून ती योजना सुरू होती. शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा, त्याचा बाकीचा हिस्सा राज्य भरणार. ती गेली आणि शेतकऱ्याला पुन्हा हप्ता लागू झाला. खरिपाच्या पिकांना विमा रकमेच्या २ टक्के, रब्बीला दीड, कापसासारख्या नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत. हप्त्याची बातमी सगळ्यांनी वाचली, कारण खिशातून पैसे जाणार होते.

पण खरी गोम हप्त्यात नव्हतीच. आधी विम्याची भरपाई मिळण्याच्या वाटा अनेक होत्या. पाऊस नाही म्हणून पेरणीच झाली नाही, तर एक वाट. हंगामाच्या मध्ये खंड पडला किंवा पूर आला, तर दुसरी. तुमच्याच शेतावर गारा पडल्या, नाल्याचं पाणी घुसलं, तर तिसरी. पीक कापून सुकायला पसरलं आणि त्यावर पाऊस पडला, तर चौथी. हे सगळे जोखमीचे घटक खरीप २०२५ पासून राज्यानं काढून टाकले. राहिली एकच वाट, पीक कापणी प्रयोग. महसूल मंडळात ठरावीक शेतं निवडायची, तिथं दोरी लावून तुकडा आखायचा, तो कापायचा, तोलायचा आणि त्यावरून सगळ्या मंडळाची सरासरी काढायची. सरासरी मंडळासाठी ठरवलेल्या उंबरठा उत्पन्नाच्या खाली आली तर भरपाई, नाहीतर काही नाही. तुझं शेत पाण्याखाली सडलं आणि मंडळातल्या उंचावरच्या शेतांत बरं पिकलं, तर तुझ्या वाट्याला शून्य.

त्या एका निर्णयावर माझ्या तालुक्यातल्या प्रत्येक घराचा खरीप टांगला गेला. त्याचा व्हिडिओ कुठं आहे? त्यात पत्ते नाहीत. टेबलाभोवती बसलेली स्वच्छ कपड्यांतली माणसं आणि एक ठराव.

बोगस अर्ज झाले होते, हे खरं आहे. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर विमे काढले गेले, लाखोंनी अर्ज रद्द करावे लागले. ते केलं कुणी? त्यातलं पुष्कळसं अर्ज भरणाऱ्या टोळ्यांनी केलं, आणि त्यांना कुणाचं अभय होतं ते त्या त्या जिल्ह्यातल्या लोकांना नावानिशी ठाऊक आहे. चोर पकडायचे सोडून सरकारनं घराचे दरवाजे बुजवले आणि आत राहणाऱ्याला सांगितलं की आता खिडकीतून ये-जा कर. याला मी सुधारणा म्हणणार नाही.

आमच्याकडं एक वाक्य फार चालतं: रंगेल आहे, पण कामाचा माणूस आहे. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. दारू पितो पण पोरांच्या नोकऱ्या लावतो. बाया नाचवतो पण रस्ता आणतो. या वाक्यानं दोन पापं झाकली जातात. पहिलं, ज्या बाईची फरफट झाली तिचं दुःख ‘रंग’ होऊन जातं. दुसरं, ‘कामाचा’ म्हणजे नक्की कोणत्या कामाचा, हे विचारायचं राहून जातं. या वाक्याची उलटी बाजूही तितकीच खोटी आहे. निर्व्यसनी आहे, माळकरी आहे, म्हणजे कारभार स्वच्छ. का? मक्त्याच्या कागदावर सही करायला दारू प्यावी लागत नाही.

त्याच जुलैत संजय शिरसाटांचा व्हिडिओ आला. सामाजिक न्यायमंत्री, अंगात बनियन, हातात सिगारेट, शेजारी बॅग. खासदार संजय राऊत म्हणाले नोटांची बॅग, शिरसाट म्हणाले कपड्यांची. आठवडाभर महाराष्ट्र त्या बॅगेत डोकावत होता. कुणी बनियनवर हसत होतं, कुणी सिगारेटवर. बनियन घालणं हा गुन्हा नाही. माझ्या घरी मीही बनियनवर असतो. सामाजिक न्याय खात्याच्या वसतिगृहांत त्या आठवड्यात पोरं काय जेवत होती, हे त्या सातही दिवसांत एकदाही कुणी विचारल्याचं मी वाचलं नाही.

पुढाऱ्याचं खासगी आयुष्य खासगीच राहू द्या, असं शहाणे लोक म्हणतात. माझं म्हणणं ते नाही. बाईला छळलं, फसवलं, तर ते खासगी नाही, तो गुन्हा आहे, आणि त्यात एक शब्दही मवाळ नको. सभागृहात बसून फोनवर खेळणं हेही खासगी नाही, तो आमचा वेळ आहे. माझं भांडण त्या पोट भरल्याच्या ढेकरेशी आहे. पत्ते बघून झाले, हसून झालं, खातं बदललं, चला. विम्याचा ठराव जसाच्या तसा राहिला.

ऑगस्टच्या मध्यापासून पाऊस लागला आणि सप्टेंबर संपेपर्यंत हटला नाही. पैनगंगेच्या अंगानं जी खोलगट शेतं आहेत तिथं पऱ्हाटी पिवळी पडली, खालची बोंडं काळी होऊन सडली. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. शेंग उकलून बघितली तर दाणा बोटाला चिकटायचा आणि आंबूस वास यायचा. माझ्या शेजारचा एक शेतकरी धुऱ्यावर उभा राहून फोन कानाला लावून होता. त्याला आधीच्या वर्षांचं पाठ होतं: नुकसान झालं की ७२ तासांत कळवायचं, फोटो टाकायचा, मग पाहणीला माणूस येतो. तो चिखलात पाय रोवून तास मोजत होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याला कळलं की या वर्षी कळवायची ती सोयच राहिलेली नाही. त्यानं हप्ता भरला होता. भरताना हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो मला म्हणाला, “मले वाटलं पैसे वाढले तं इमाही वाढला असन.”

ऑक्टोबरच्या ७ तारखेला मुख्यमंत्र्यांनी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. मदत आली, कमी-अधिक आली, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण मदत ही मेहेरबानी असते आणि विमा हा करार असतो. आपण करार गमावला आणि मेहेरबानीच्या रांगेत उभे राहिलो. एप्रिलमध्ये हे घडत असताना आपण काय बघत होतो?

कापणी प्रयोगाला मी मुद्दाम गेलो. सोयाबीनचं शेत, मंडळातल्या निवडलेल्या शेतांपैकी एक. कृषी सहायक, विमा कंपनीचा एक माणूस, शेतमालक, दोन मजूर. दोरी लावली, खुंट्या ठोकल्या. आतलं पीक कापून ताडपत्रीवर मळलं. दाणे काळपट, निम्मे सुरकुतलेले. वारं नव्हतं म्हणून सुपानं पाखडलं. मग काटा टांगला. धुऱ्यावर पाचसात जण उभे होते, त्यांत पानठेल्यावरचा तो पोरगाही होता. त्याचंही तीन एकर सोयाबीन याच मंडळात. सगळ्यांचे फोन खिशात. काटा हलत होता, आकडा अजून ठरायचा होता, आणि अशाच काही आकड्यांवर आजूबाजूच्या कितीतरी गावांचं वर्ष ठरणार होतं.

मी त्या पोराला हाक मारली. म्हटलं, “फोन काढ. जुलैत ते पान मोठं करून दाखवत होतास ना, तसा हा काटा मोठा कर. आकडा दिसला पाहिजे, सुपातले दाणे दिसले पाहिजेत, आणि तिथं कोण कोण उभं आहे तेही.”

त्यानं एकदा शेतमालकाकडं बघितलं. मग पॅंटला हात पुसले, फोन काढला आणि ताडपत्रीजवळ जाऊन उकिडवा बसला.